तोट्यातल्या कंपनीचे कागद नव्या नोकरीच्या आड येतील का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक ३९ वर्षांचे मेकॅनिकल इंजिनीयर आहेत, धायरीला राहतात. २०१६ साली चाकणमधली नोकरी सोडून त्यांनी कॉलेजातल्या मित्राबरोबर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना एसपीएम (एका ठरावीक कामासाठी बनवलेली खास मशीन्स) आणि फिक्श्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारे साचे) करून देण्याचं काम. एका वर्षी उलाढाल १ कोटी ४० लाखांवर गेली होती. मागच्या वर्षी ती ४६ लाखांवर आली आणि ६ लाखांचा तोटा झाला. एका ग्राहकाकडे १८ लाख रुपये दोन वर्षांहून जास्त काळ अडकले आहेत. दोघे डायरेक्टर महिना ३० हजार घेतात, शिवाय पत्रलेखकांनी घरचे ११ लाख कंपनीत घातले आहेत. आता एका मोठ्या कंपनीत ऑटोमेशन विभागात प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी त्यांच्या दोन मुलाखती झाल्या आहेत. एचआरने पडताळणीचा फॉर्म पाठवलाय. त्यात ‘कोणत्या कंपनीत डायरेक्टर आहात का’ असा प्रश्न आहे, आणि तीन वर्षांचे पगाराचे पुरावे व कंपनीच्या बॅलन्स शीट मागितल्या आहेत. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. मेहुणे म्हणतात, “कंपनीचं नावच काढू नकोस, फ्रीलान्स कन्सल्टंट लिही.” पत्नी म्हणते, “सगळं देऊन टाका.” ते विचारतात: “या कागदांतून त्यांना काय काय कळेल? तोटा बघून मला अपयशी समजतील का? तीस हजार बघून पगार पाडतील का? आत्ताच राजीनामा दिला तर हे सगळं पुसलं जाईल का? भागीदाराला मी अजून काही बोललेलो नाही.”

नमस्कार,

बॅलन्स शीट हातात पडली की त्यांना तुमचं सगळं कळेल, आणि नाही दिली तर काहीच कळणार नाही, असं धरून तुम्ही रात्रीची झोप घालवताय. खरं म्हणजे बरंचसं त्यांना आत्ताही बघता येतं, आणि जे बघता येतं त्यात तुमच्याबद्दल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप कमी असतं.

आधी, तुम्ही काहीही न देता काय दिसतं ते सांगते. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की ती कधी स्थापन झाली, नोंदणीचा पत्ता काय, भागभांडवल किती, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, डायरेक्टर कोण आणि बँकेचा बोजा, म्हणजे कर्जापोटी तारण आहे का, एवढं विनाशुल्क दिसतं. शंभर रुपये शुल्क भरलं की दाखल केलेले कागदही उघडतात, म्हणजे एओसी-४ या वार्षिक हिशेबांच्या फॉर्मबरोबर जोडलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, ऑडिटरचा अहवाल आणि वार्षिक विवरणपत्र. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९९ नुसार हा हक्क कोणालाही आहे, कारण विचारत नाहीत आणि कोणी बघितलं ते तुम्हाला कळतही नाही. आपल्या आरओसीचं, म्हणजे कंपनी निबंधकाचं कार्यालय आकुर्डीला असलं तरी त्यासाठी तिथवर जावं लागत नाही. १९५६ च्या जुन्या कायद्यात प्रायव्हेट कंपनीचं नफा-तोटा पत्रक बाहेरच्या माणसाला बघता येत नसे. जुने व्यावसायिक अजूनही “प्रायव्हेट कंपनीचं कोणाला काय कळतंय” म्हणतात ते त्या काळाच्या सवयीने. तुमचे मेहुणेही बहुधा याच समजुतीवर सल्ला देत असावेत.

थोडक्यात, ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ लिहिलंत तर तुमचं नाव आणि डायरेक्टरपद पाच मिनिटांत सापडेल. डायरेक्टरांची नावं गोळा करून दाखवणाऱ्या खाजगी साइट्सही आहेत, पडताळणी करणारे तिथूनच सुरुवात करतात. तोटा झालेला माणूस कंपन्या घेतात. फॉर्मवर खोटं लिहिलेला माणूस ऑफर दिल्यावरही परत पाठवतात, आणि सहा महिन्यांनी कळलं तर नोकरीवरूनही काढतात. तेव्हा मेहुण्यांचा सल्ला बाजूला ठेवा. ते तुमच्या काळजीनेच बोलले असतील, पण हा रस्ता धोक्याचा आहे.

आता एक काम सगळ्यात आधी करा. तुमच्या सीएकडून गेल्या तीन वर्षांचे सही झालेले ताळेबंद मागवा आणि मुलाखत घेणाऱ्याच्या जागी बसून वाचा. कंपनी चालवणारे पुष्कळ जण ताळेबंदावर सही करतात, पण नोट्सपर्यंत, म्हणजे मागे जोडलेल्या तपशिलांपर्यंत पोचत नाहीत, आणि खरी माहिती नोट्समध्येच असते.

पहिल्या पानावर इक्विटी अँड लायबिलिटीज, म्हणजे भांडवल आणि देणी. भागभांडवलाखाली ‘रिझर्व्ह्ज अँड सरप्लस’, म्हणजे आजवर साठलेला नफा किंवा तोटा आहे, तिथला आकडा बहुतेक कंसात, म्हणजे उणे असेल. तुम्हाला तोच आधी दिसणार आणि छाती धडधडणार. तिथे थांबू नका. खाली कर्जाची नोट उघडा, त्यात ‘डायरेक्टरांकडून विनातारण कर्ज’ अशा अर्थाची ओळ असेल आणि तिच्यात तुमचे ११ लाख असतील. शेजारच्या रकान्यात आदल्या वर्षीचा आकडा असतो. मग येणी, म्हणजे ट्रेड रिसिव्हेबल्सची नोट काढा. २०२१ पासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये, म्हणजे ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात, येण्यांचा वयानुसार तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या पुढची. तुमचे १८ लाख ‘दोन ते तीन वर्षं’च्या रकान्यात असतील. उलाढाल ४६ लाखांची आणि १८ लाख दोन वर्षं अडकलेले! वाहन उद्योगात काम केलेला कोणताही मॅनेजर ते दोन आकडे शेजारी ठेवून काय झालं ते लगेच ओळखेल. छोटा पुरवठादार, मशीन देऊन मोकळा झाला, पैसे अडकले, पुढच्या ऑर्डरचं साहित्य घ्यायला हातात काही उरलं नाही. चाकण-भोसरीत हे रोज घडतं, आणि तुमच्या समोर बसलेला माणूस कदाचित त्याच साखळीत वाढलेला असेल.

नंतर संबंधित व्यक्तींबरोबरच्या व्यवहारांची नोट. तिथे डायरेक्टरांचं मानधन येतं. तुम्हा दोघांचं मिळून वर्षाला ७ लाख २० हजार. वार्षिक विवरणपत्रातही डायरेक्टरांच्या मानधनाची एकूण रक्कम असते. तुमच्या भीतीचा आकडा तो हाच. पण वाचणारा तो सुटा वाचत नाही. मानधन कमी होत गेलं त्याच वर्षांत तुमचं कर्ज वाढत गेलं असेल, तर वाचणाऱ्याला एवढं दिसेल की या माणसाने आधी स्वतःचा पगार कापला आणि नंतर घरचे पैसे घातले.

मग ऑडिटरचा अहवाल. ‘गोइंग कन्सर्न’बद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल, ऑडिटरने स्वतंत्र परिच्छेद लिहिलाय का, तेवढं बघा. असेल तर त्यावर विचारतीलच, उत्तर तयार हवं.

आणि एक नोट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण माझ्या मते तोट्यापेक्षाही तीच महत्त्वाची आहे. ‘अदर करंट लायबिलिटीज’मध्ये सरकारी देणी असतात: टीडीएस, जीएसटी, व्यवसाय कर, लागू असेल तर पीएफ. ३१ मार्चला मार्च महिन्याचं देणं उभं असणं अगदी नेहमीचं आहे, ते एप्रिलमध्ये भरलं जातं. पण कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम वर्षानुवर्षं न भरता तिथे फुगत गेली असेल, तर ते व्यवहारावर बोट ठेवण्यासारखं आहे, आणि नोकरी देणाऱ्याने त्यावर अडून बसावं हे मला योग्य वाटतं. मी बरीच वर्षं भरतीच्या बाजूला काम केलंय. तोटा बघून कोणी मागे सरलं असं क्वचित घडतं. दुसऱ्याचा पैसा अडकवलेला दिसला की मात्र खोलीतली हवा बदलते. तुमच्याकडे असं काही थकीत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते भरा.

या कागदांत काय नाही, हेही बघा. छोट्या कंपनीला कॅश फ्लो स्टेटमेंट द्यावं लागत नाही. त्यामुळे पैसे नसताना तुम्ही कामगारांचे पगार सात तारखेला कसे केलेत, हे कुठेच दिसत नाही. ग्राहकांची नावं तिथे नसतात. तुम्ही डिझाइन केलेली मशीन्स नसतात. ताळेबंद ३१ मार्च या एका दिवसाचा असतो, आणि तोही जुना: वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा, तिच्यानंतर ३० दिवसांत एओसी-४. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत बाहेरच्या माणसाला त्याच्याही आदल्या वर्षाचे आकडे दिसत असतात. मागच्या सहा महिन्यांत काही सुधारलं असेल तर ते तुम्हालाच सांगावं लागेल.

तुमचं वैयक्तिक इन्कम टॅक्स रिटर्न, बँक खातं, घराचं कर्ज यांचा तर कंपनीच्या नोंदींशी संबंधच नाही. रिटर्नमधले तपशील ही खाजगी माहिती आहे, मोठं सार्वजनिक हित असल्याशिवाय ती माहितीच्या अधिकारातही देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलंय. जीएसटीच्या साइटवर तुमची नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न वेळेवर भरलीत का ते दिसतं, त्यातले आकडे दिसत नाहीत.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात विचारच नाही, ती. तुमच्या आधीच्या नोकरीचा पीएफ २०१६ ला थांबला. तुमच्या कंपनीत कधीच वीस माणसं नव्हती, त्यामुळे बहुधा पीएफ लागूच झाला नसेल. म्हणजे पडताळणी करणारा तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक बघेल तेव्हा त्याला २०१६ पासून आजपर्यंत कोरी जागा दिसेल. ही वर्षं तुम्ही खरोखर काम करत होतात, याचा त्रयस्थाकडचा पुरावा कोणता? ज्या कागदांना तुम्ही घाबरताय तेच. कंपनी स्थापनेची तारीख, डायरेक्टर म्हणून तुमच्या नेमणुकीची तारीख, दरवर्षी ऑडिटरने सही केलेली उलाढाल. नोकरदाराला अनुभवाचा दाखला त्याची कंपनी देते. तुमच्यासारख्याला तो आरओसीकडच्या या नोंदींतूनच मिळतो. पडत्या काळातही दरवर्षी वेळेवर फायलिंग केलं असेल, तर तुमच्या शिस्तीबद्दल दुसऱ्या कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

म्हणूनच सीव्ही आणि हे कागद शेजारी ठेवून ताडून बघा. सीव्हीवर ‘२०१५ पासून’ असेल आणि कंपनी २०१६ ची असेल, तर आधीचं वर्ष तयारीत गेलं की प्रोप्रायटरशिपमध्ये, ते लिहा. ‘दोन कोटींचे प्रोजेक्ट हाताळले’ असं लिहिलं असेल तर तो दोन-तीन वर्षांचा एकत्र आकडा आहे हे स्पष्ट करा, कारण दाखल कागदांत उलाढालीचा सगळ्यात मोठा आकडा १ कोटी ४० लाख दिसणार. पडताळणीत माणसं अडकतात ती अशा छोट्या विसंगतींवर.

पगाराचं काय? तीस हजार ही तुमची किंमत आहे, असं तुम्हीच आधी मानून बसलात असं मला वाटतं. ते मानधन तुम्ही स्वतः ठरवलं होतं, कंपनीला काय झेपेल ते बघून. बाजाराने ते ठरवलेलं नाही. एचआर ‘करंट सीटीसी’चा, म्हणजे सध्याच्या एकूण वार्षिक पगाराचा रकाना भरायला लावणार आणि तिथे खरा आकडा लिहायचा, फुगवायचा नाही, कारण फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) त्यांच्याकडे जाणारच आहे. पण रकान्याखाली किंवा मेलमध्ये दोन-तीन वाक्यं जोडा. या धर्तीवर: “मी कंपनीचा सहसंस्थापक असून माझं मानधन कंपनीच्या रोख परिस्थितीनुसार ठरवलं जात होतं. ते माझ्या कामाच्या बाजारमूल्याचं निदर्शक नाही. या पदाची जबाबदारी आणि उद्योगात त्यासाठी दिला जाणारा पगार पाहून माझी अपेक्षा अमुक आहे.” अमुकच्या जागी आकडा टाकताना चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात त्या पदावर काम करणाऱ्या दोन-चार जणांना विचारा. तुमच्या बॅचमधले पुष्कळ जण आज तिथेच असतील. तरीही एचआर तीस हजारांवर टक्केवारी लावून ऑफर देऊ लागलं, तर शांतपणे नाही म्हणा आणि ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्या मॅनेजरशी बोलायची वेळ मागा. मशीन वेळेत उभं करणाऱ्याची किंमत त्याला ठाऊक असते.

तोट्याबद्दल विचारलं तर लांबण लावू नका, ग्राहकाला शिव्या देऊ नका, त्याचं नावही घेऊ नका. “एका मोठ्या ऑर्डरचे पैसे अडकले. आम्ही अॅडव्हान्स कमी घेतला होता. त्यानंतर टप्प्याटप्प्याने पैसे घेण्याची पद्धत सुरू केली, पण खेळतं भांडवल संपलं होतं.” यातलं जे तुमच्या बाबतीत खरं असेल तेवढंच बोला. प्रोजेक्ट मॅनेजरला पुरवठादारांचे पैसे आणि वेळापत्रक दोन्ही सांभाळायचं असतं. तिथे तुम्ही पोळलेले आहात, ही तुमची जमेची बाजू आहे.

जाता जाता त्या १८ लाखांबद्दल. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, माल देण्याआधीची असेल, तर लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवे होते, उशिरावर चक्रवाढ व्याजही लागतं. यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करता येतो. गेलं ते गेलं म्हणून सोडू नका, सीए किंवा वकिलाला याच आठवड्यात विचारा.

पत्नी म्हणते ते मनाने बरोबर आहे, पण ‘सगळं’ देऊ नका. जी कंपनी तुम्हाला घेतेय ती तुमच्याच क्षेत्रातली आहे. कदाचित उद्या तुमच्या भागीदाराची ग्राहक असेल, कदाचित स्पर्धक. नफा-तोटा पत्रकात साहित्याचा खर्च आणि विक्री दोन्ही असतात. त्यावरून तुमचं मार्जिन साधारण काढता येतं, आणि तेवढं सार्वजनिक आहेच. त्याच्यापुढे जाऊ नका. आरओसीकडे दाखल केलेला, सही झालेला ताळेबंद द्या, तोच आणि तसाच. चालू वर्षाचे कच्चे आकडे, जीएसटी रिटर्न, ग्राहकनिहाय लेजर, कंपनीचं बँक स्टेटमेंट, कोटेशन्स यांतलं काहीही नाही. पगाराचा पुरावा म्हणून तुमचा स्वतःचा फॉर्म १६ आणि तुमच्या खात्यात मानधन जमा झाल्याच्या नोंदी पुरतात. बाकीच्या ओळी झाकून द्या. अजून तुम्ही डायरेक्टर आहात आणि कलम १६६ नुसार कंपनीच्या हिताची जबाबदारी तुमच्यावर आहे. “दाखल झालेले कागद देतो, अंतर्गत हिशेब गोपनीय आहेत” असं एचआरला लिहिलंत तर बिघडणार काहीच नाही. उद्या त्यांचे हिशेबही तुम्ही असेच जपाल, हे त्यांना कळेल.

राजीनाम्याने काही पुसलं जात नाही. डायरेक्टरपद सोडल्याची नोंद होते, आधी होतात ही नोंद राहते. शिवाय प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर लागतात. तुम्ही घाईने निघालात तर मित्र एकटा अडकेल. बाहेर पडायचंच ठरलं तर आधी दुसरा डायरेक्टर नेमा, मग लेखी राजीनामा, कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याचा फॉर्म) भरायचा, आणि तुम्ही स्वतः डीआयआर-११ (राजीनामा कळवण्याचा फॉर्म) भरून ठेवा म्हणजे कंपनीकडून राहिलं तरी तुमची बाजू नोंदलेली असेल. डायरेक्टरपद सोडलं तरी शेअर तुमचेच राहतात, आणि बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल तर तीसुद्धा तशीच राहते. बँकेकडून लेखी मुक्तता घेतल्याशिवाय तिच्यातून सुटका नाही.

कंपनी बंद करण्याचा विचारही मनात असेल. नाव काढून टाकण्यासाठी एसटीके-२ अर्ज, शुल्क १० हजार रुपये. पण कंपनीचा व्यवसाय आधीची दोन आर्थिक वर्षं बंद असावा लागतो आणि देणी फेडलेली असावी लागतात. तुमचा गाळा आजही चालू आहे, तेव्हा तो लगेचचा मार्ग नाही. आणि कृपा करून कुलूप लावून फायलिंग थांबवू नका. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्राच्या उशिराच्या प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये वाढत जातात. सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा विवरणपत्र दाखल झालं नाही तर कलम १६४ खाली डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

इथे तुमच्या पत्राच्या बाहेर जाऊन बाकीच्या वाचकांशी थोडं बोलते. दोन डायरेक्टर हवेत म्हणून आपल्याकडे बायकोचं, बहिणीचं, आईचं नाव सर्रास घातलं जातं. तिला फक्त सह्या करायच्या असतात. कंपनी बंद पडते, नवरा विसरतो, फायलिंग राहतं. २०१७ साली सरकारने तीन लाखांहून अधिक डायरेक्टर अपात्र ठरवले, त्यांत कागदापुरत्याच डायरेक्टर असलेल्या बायकाही होत्या. अशी बाई शाळेत, बँकेत, आयटी कंपनीत नोकरीला जाते आणि पडताळणीत तिच्या नावापुढे ते अपात्रपण येतं. मैत्रिणींनो, तुमच्या नावाने डीआयएन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक आहे का आणि त्या कंपनीची स्थिती काय आहे, हे स्वतः बघा. नवऱ्याला विचारून थांबू नका.

ज्यांची प्रोप्रायटरशिप आहे त्यांचे हिशेब असे कुठेच सार्वजनिक नसतात, भागीदारी फर्मचेही नसतात. त्यांना पुरावा स्वतःच उभा करावा लागतो: रिटर्न, जीएसटी नोंदणी, ग्राहकांची पत्रं. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असलेल्यांना मात्र हिशेबांचा फॉर्म ८ आणि वार्षिक माहितीचा फॉर्म ११ दरवर्षी भरावे लागतात, तेव्हा वर जे म्हटलं त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

आणि तुम्ही शंभर रुपये खर्च करणारच असाल तर त्या नव्या कंपनीवरही करा. ती कितीही मोठी दिसो, तिचेही ताळेबंद तिथेच आहेत. येणी किती दिवस अडकतात, सरकारी देणी साचलीत का, कर्मचाऱ्यांवरचा खर्च वर्षागणिक वाढतोय की घटतोय, हे सगळं आता तुम्हाला वाचता येईल. नोकरी घेणाऱ्यालाही तेवढाच हक्क आहे.

आता राहिले तुमचे भागीदार. त्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत, एकदाच येतो. मला मात्र सगळ्यात अवघड भाग तोच वाटतो, आणि कागदांची भीती एवढी मोठी झालीय त्याचं एक कारणही तेच असावं. ताळेबंद तुम्हा दोघांचा आहे, तुमच्या एकट्याचा नाही. तो एचआरला जाण्याआधी त्यांना तुमच्याकडून कळायला हवं. पुण्यात ही क्षेत्रं लहान आहेत. पडताळणीवाल्याचा फोन गाळ्यावर गेला आणि तो त्यांनीच उचलला, तर इतक्या वर्षांच्या मैत्रीला ते फार लागेल. कदाचित ते रागावतील. कदाचित तेही महिनोन्‌महिने हाच विचार करत असतील आणि तुम्ही दुखावाल म्हणून गप्प असतील.

म्हणून क्रम असा ठेवा. सोमवारी सीएकडून कागद आणून वाचा. बुधवारच्या आत मित्राला गाळ्याबाहेर, कामाच्या फोनपासून दूर भेटा आणि चार गोष्टी बोला: मी नोकरी बघतोय, दाखल झालेला ताळेबंद त्यांना देणार आहे, तू कंपनी पुढे चालवणार की आपण ती नीट आवरायची, आणि माझे ११ लाख, तुझे जे असतील ते, आणि बँकेला दिलेली हमी असेल तर ती, यांचं काय. पैशांचं जे ठरेल ते दोघांच्या सहीने कागदावर घ्या, कंपनीकडून शिलकीचं पत्रही घ्या. गुरुवारी फॉर्म भरा. डायरेक्टरपदाच्या प्रश्नाला ‘हो’ लिहा आणि नेमणूकपत्र आल्यावर बाहेरच्या व्यवसायाबद्दलचं कलम वाचून, डायरेक्टर किंवा भागधारक म्हणून किती काळ राहणार ते त्यांना लेखी कळवून परवानगी घ्या. मित्राशी बोलणं बुधवारपर्यंत जमलंच नाही, तर एचआरकडून दोन दिवसांची मुदत मागा. ती बहुतेक मिळते.